गाडीचा निकाल

मी बुद्धिबळ शिकवतो. परभणीत एका खताच्या दुकानावरच्या मजल्यावर माझा वर्ग आहे. जिना चढताना खता-औषधांचा उग्र वास येतो. नवे पालक पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून वर येतात, दुसऱ्या आठवड्यात रुमाल विसरतात आणि महिनाभरात पोरगं कुठं बसलंय हेही न बघता खालूनच गाडी वळवतात. तेव्हा समजायचं, मूल आपलं झालं.

मला माझं काम येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते काम न येणाऱ्या माणसाची चूक म्हणून वाचलं जाऊ नये. मी दिवसा शाळेत गणित शिकवायचो आणि संध्याकाळी बुद्धिबळ. पुढं शाळेतून लवकर निवृत्ती घेतली आणि बुद्धिबळच राहिलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं राज्यात खेळली, काही देशात खेळली. भिंतीवर फोटो नाहीत. भिंतीकडं बघून खेळणारं मूल मला चालत नाही.

शिकवण्याची माझी एकच रीत आहे. मोहऱ्याला हात लावण्याआधी मुलानं सांगायचं, समोरच्याला काय पाहिजे. मोठ्यानं सांगायचं. "त्याला माझा घोडा पाहिजे." "त्याला उंट इकडं आणायचाय." सांगता आलं नाही तर हात मांडीवर. आपल्याला काय पाहिजे हे कुणालाही कळतं, त्यासाठी मास्तर लागत नाही. पहिले काही महिने वर्गात याचाच गलका असतो. एकदा एका आईनं जिन्यातच विचारलं, "सर, ह्याचा गणितात फायदा होईल का?" मी म्हणालो, "गणिताचा ह्याच्यात होईल." बाई हसल्या नाहीत, पण मुलाला पाठवत राहिल्या.

मी कमी बोलतो. घरात, शाळेत, नातेवाइकांत माझी ती ख्याती आहे. आमची मंडळी म्हणतात, "ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बाभळीतून कापूस वेचायचा." कमी बोलण्याचा एक फायदा असतो. माणूस काही लपवतोय असा संशय कुणाला येत नाही. मी एका मुलीपासून एक गोष्ट लपवली. ती सांगायला मला बारा-तेरा वर्षं लागली, आणि तीही मी आपण होऊन सांगितली नाही. सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही तेव्हा सांगितली.

ती मुलगी पालमची. बापाची थोडी कोरडवाहू शेती होती आणि बाजारात शिलाईचं दुकान. बाप स्वतः खेळायचा, पण जुन्या देशी पद्धतीनं. त्या पद्धतीत प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच ते होतं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, वजीर नाही. पहिल्यांदा लेकीला घेऊन आला तेव्हा माझ्याशी वादच घातला.

"सर, कुठूनबी आलेलं प्यादं वजीर कसं होईल? ह्याला काय इमान हाय का न्हाई?"

"नियम आहे."

"नियम असंल. पर न्याव न्हाई."

मुलगी बाजूला उभी होती. दोन वेण्या, शाळेचाच ड्रेस, अकरा-बारा वर्षांची. ती म्हणाली, "बापू, तुमी न्यावानं खेळा, मी नियमानं खेळते. बगू कोण जिंकतंय." आणि दोघं तिथंच बसले. तिनं बापाला हरवलं. बाप इतका खूश झाला की नियमाचं पुन्हा कधी बोलला नाही.

दर शनिवारी-रविवारी ती एसटीनं यायची. कधी बाप सोबत, कधी गावची कुणी बाई. बसमध्ये खेळून यायची, म्हणजे डोक्यातल्या डोक्यात. आल्या आल्या सांगायची, "सर, ताडकळसपर्यंत मी जिंकत होते, मंग चुकले." तिचा गुण एकच, पण तो शिकवून येत नाही. तिला देताना भीती वाटायची नाही. बाकीची मुलं हत्ती जपतात, वजीर तर देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपतात. ही बिनदिक्कत हत्ती देऊन टाकायची आणि चार चालींनी समोरच्याला कळायचं की आपण काय घेऊन बसलो. तिच्यासारखी दोन-तीन मुलंच मला आयुष्यात मिळाली. उगाच कौतुक करायचं वय माझं गेलं.

आता आमच्या स्पर्धांची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जिल्ह्याची स्पर्धा म्हणजे रविवारी एखादी शाळा मागून घ्यायची, बाकांवर पट मांडायचे आणि सकाळी सुरू करायचं. घड्याळं मोजकी. ती वरच्या पटांना. बाकीच्या पोरांनी समजुतीनं खेळायचं. मुलं जिंतूरची, गंगाखेडची, पालमची, पूर्णेची. पूर्णेची आणि चुडाव्याची मुलं रेल्वेनं यायची, बाकीची एसटीनं. शेवटची फेरी सुरू झाली की दारात एकेक बाप पिशवी खांद्याला लावून उभा राहायचा. सारखा मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचा. एसटी कुणासाठी थांबत नाही. मग काय करायचं? पंचानं त्या पटाशी जायचं, डाव बघायचा आणि निकाल द्यायचा. ही जिंकली, हा हरला, किंवा बरोबरी. पुस्तकात असल्या निकालाला मोठं नाव आहे. आमच्याकडं त्याला गाडीचा निकाल म्हणत.

पंच मी. जिल्ह्यात तेव्हा पंचाची परीक्षा दिलेला दुसरा माणूस नव्हता. वर्गही माझा आणि पंचही मी. आज हे ऐकून कुणी कपाळाला हात लावेल, पण तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. गाडीचे निकाल मी पुष्कळ दिले, आणि एक सोडून बाकी सगळ्यांवर आजही बोट ठेवून सांगेन की बरोबर होते. माझ्या स्वतःच्या मुलांना मी हरलेलं ठरवलं आहे, त्यांच्या आयांसमोर.

तो रविवार राज्य स्पर्धेच्या निवडीचा होता. मुला-मुलींची निवड एकत्रच होती आणि जिल्ह्यातून दोघं जाणार होते. शेवटच्या फेरीत पालमची मुलगी आणि परभणीतला एक मुलगा समोरासमोर आले. मुलाला बरोबरी पुरत होती. तिला जिंकायलाच हवं होतं.

मुलगा माझ्या वर्गाचा नव्हता. त्याचे वडील इंजिनिअर, औरंगाबादचा कुणी शिक्षक लावला होता. गृहस्थ वाईट नव्हते. पण दुपारी चहाच्या वेळी चार पालकांत उभं राहून ते हसत हसत म्हणाले, "सर, परीक्षा घेणारे तुम्हीच, पेपर तपासणारे तुम्हीच, आणि शिकवणीही तुमचीच. आमच्या पोरानं काय करावं?"

सगळे हसले. मीही हसलो. तो चहा मी अर्धाच प्यालो.

संध्याकाळ झाली. बाकीचे पट उठले. त्या एका पटाभोवती गर्दी जमली होती. नेमकं त्या पटाचं घड्याळ दुपारीच बंद पडलं होतं आणि दोघांनी समजुतीनं खेळायचं कबूल केलं होतं. मुलगा हळू खेळत होता. मुद्दाम नाही, त्याचा स्वभावच तसा. दारात तिचा बाप येऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "पालमची गाडी लागली बगा. ही गेली की मंग सकाळीच."

मी पटाशी गेलो. चाल तिची होती.

ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी साधं सांगतो. तिच्याकडं राजा, हत्ती आणि दोन प्यादी, शेजारी-शेजारी, वजीर होण्यापासून दोन घरं अलीकडं. मुलाकडं राजा, हत्ती, उंट आणि इकडं-तिकडं काही प्यादी. त्याचा उंट लांब कोपऱ्यात बसून तिच्या प्याद्यांची वाट अडवत होता. तो उंट नसता तर ती प्यादी कुणाला आवरली नसती. आणि तिचा हत्ती त्या उंटाला मारू शकत होता. फक्त मारल्यावर हत्ती जाणार होता.

हत्ती द्यायचा, उंट घ्यायचा, प्यादं पुढं. मग मुलगा आपल्या हत्तीनं तिच्या राजाला शह देत सुटणार. एक, दोन, तीन. राजा मागं नेला तर शह संपत नाहीत, डाव बरोबरीत जातो. पण राजा मागं न्यायचाच नाही. वर न्यायचा, आपल्या प्याद्यांच्या आडोशाला. तिथं पोचला की शह संपले, आणि प्यादं वजीर.

हे मला एका श्वासात दिसलं. मी मान वर केली. समोर इंजिनिअरसाहेब हाताची घडी घालून उभे होते. चेहऱ्यावर तेच दुपारचं हसू. मला त्यांच्या डोळ्यांत माझा निकाल आधीच लिहिलेला दिसला: सरांची पोरगी जिंकली.

मी म्हणालो, "बरोबरी."

मुलानं सुस्कारा सोडला. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मानलं सर तुम्हाला." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पटाकडं पाहिलं. तिचा बाप म्हणाला, "चल माय," आणि तिनं दप्तर उचललं. अर्ध्या गुणानं ती तिसरी आली.

इथवर मी भित्रा ठरतो. भित्र्या माणसाला मी माफ करू शकतो, शिकवण्याच्या धंद्यात भीती काय असते हे मला माहीत आहे. खरी गोष्ट पुढच्या शनिवारी झाली.

ती लवकर आली. वर्गात अजून कुणी नव्हतं. तिनं तो डाव जसाच्या तसा मांडला, प्रत्येक प्यादं आपापल्या घरात.

"सर, हत्ती देऊन उंट मारला असता तर?"

तेव्हा मी म्हणू शकलो असतो की पोरी, तू जिंकत होतीस, मी घाबरलो. खोली रिकामी होती, ऐकायला कुणी नव्हतं. ती अकरा-बारा वर्षांची होती, तिनं ऐकून घेतलं असतं. पण मला वाटलं, हे कबूल केलं तर उद्या ती बापाला सांगेल, बाप बाजारात सांगेल, आणि ज्या एका शब्दावर सगळा जिल्हा चालतो तो शब्द गेला. म्हणून मी बसलो आणि तिला दाखवलं. हत्ती दिला, उंट घेतला. मुलाच्या बाजूनं शह दिला. तिचा राजा मीच उचलला आणि मागं ठेवला. पुन्हा शह, पुन्हा मागं. पुन्हा.

"बघ," मी म्हणालो, "संपत नाही. हा मोहाचा डाव आहे. दिसतो जिंकल्यासारखा."

तिनं बोट पटाच्या वरच्या बाजूला नेलं. "आणि इकडं वर नेला तर?"

"वर मरतो," मी म्हणालो, आणि मोहरी गोळा करायला लागलो.

तिनं त्या रिकाम्या पटाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं जिंकतंय." आणि स्वतःवरच हसली.

मी उभ्या आयुष्यात पटावर एकदाच खोटं बोललो, ते हे. लोकांना वाटतं, खोटं म्हणजे निकाल. निकालात एक स्पर्धा गेली. ह्याच्यात तिचे डोळे गेले.

कारण त्यानंतर ती बदलली. एकदम नाही. आधी हत्ती देताना हात थांबायला लागला. मग द्यायचीच बंद झाली. जिंकत असलेल्या डावात बरोबरी मागायची. मी विचारलं, "काय दिसलं होतं?" तर म्हणायची, "दिसलं व्हतं सर, पर मला दिसतंय तसं नसतंय." मी मास्तर, मी ते ऐकलं आणि पुढच्या मुलाकडं गेलो. पुढच्या वर्षी ती पाचवी आली. दहावीचं वर्ष लागलं आणि तिचं येणं बंद झालं. बाप येऊन सांगून गेला, अगदी हात जोडून. "सर, तुमीच म्हनले व्हते का न्हाई, हिचं डोकं घाई करतंय म्हणून. आता अभ्यासाला लागली बगा. लय केलं तुमी."

मी त्याला जिना उतरून खालपर्यंत सोडायला गेलो. एवढंच केलं.

पुढची वर्षं माझी चांगली गेली. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. मुलं येत गेली, वर गेली. मोबाइल आले, यंत्रं आली. आज कुठलाही डाव फोनमध्ये घातला की तो क्षणात सांगतो कोण जिंकतंय. मास्तराची गरज संपली असं लोक म्हणाले. मी म्हणालो, फोन सांगतो काय चालायचं, मूल का चुकलं ते फोन सांगत नाही. वर्ग भरलेलाच राहिला. गाडीचा निकाल कधीच बंद झाला, आता घड्याळं सगळ्या पटांना आहेत आणि पंच बाहेरून येतो. ही सुधारणा मीच पुढं होऊन केली. सगळ्यांनी माझी वाहवा केली. मी ती का केली ते कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात फोन आला. आवाज ओळखला नाही. "सर, मी पेडगावच्या शाळेत आहे. शिक्षिका आहे. पोरांना बुद्धिबळ शिकवायलेय. तुम्ही एकदा या ना." नाव सांगितलं. मी हो म्हणून गेलो.

शाळा स्वच्छ होती. व्हरांड्यात तिनं फरशीवरच काळी-पांढरी घरं रंगवून घेतली होती. वर्गात भिंतीवर फ्लेक्सवर छापलेला मोठा पट, प्रत्येक घरात बारीक खिळा, आणि पुठ्ठ्याची मोहरी त्यावर अडकवायची. मुलं रांगेत बसली होती. ती साडीत होती, केस आवळून बांधलेले. ओळखायला एक क्षण लागला, मग हसली तेव्हा लगेच ओळखलं.

"हे माझे सर," तिनं मुलांना सांगितलं. "मला जे येतं ते ह्यांनी शिकवलं."

मुलांनी उभं राहून नमस्कार केला. मला पहिल्या बाकावर बसवलं. मग ती पटाशी गेली आणि मोहरी अडकवायला लागली. दुसरं-तिसरं मोहरं लागलं आणि मला कळलं.

राजा. हत्ती. दोन प्यादी, शेजारी-शेजारी. कोपऱ्यात उंट.

"हा कोणता डाव?" तिनं विचारलं.

"मोहाचा," मुलं एकसुरात ओरडली. त्यांना हा पाठ होता.

"हत्ती द्यायचा का?"

"न्हाई."

"दिला तर काय होतं?"

"शह संपत न्हाई."

"आणि राजा वर नेला तर?"

"वर मरतो."

माझेच शब्द, माझ्याच सुरात. तिच्या तोंडून त्या पोरांच्या तोंडात गेलेले. ह्या पोरांना कुणी फोन दिला असता तर त्यांना दोन सेकंदात कळलं असतं. तिच्याकडंही फोन होता. पण ज्या गोष्टीबद्दल शंकाच नाही ती कोण तपासतं? तपासायची सवय मीच मोडली होती.

मला उठून जाता आलं असतं. तीस पोरं पुढंमागं त्याच चुकीवर वाढली असती, आणि त्यांच्यातलं एखादं हत्ती देणारं निघालं असतं. ते पोर कोणतं हे मला रांगेत बघून सांगता येत नव्हतं. म्हणून उठलो.

"मॅडम, जरा थांबा," मी म्हणालो. "हा डाव जिंकलेला आहे."

ती हसली. मुलांकडं वळून म्हणाली, "बघा, सर तुमची परीक्षा घ्यायलेत. कोण सांगतंय सर कुठं फसवायलेत?"

हात वर गेले. मी पटाशी गेलो. "परीक्षा नाही," मी म्हणालो. "राजा वर मरत नाही. वरच जिंकतो. मी तुझ्याशी खोटं बोललो होतो."

वर्गात कुणाला काही कळलं नाही. एक मुलगी हात वर करून तशीच राहिली.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती विचारेल, का. तिनं विचारलं, "तुमाला तवाच दिसलं व्हतं का?" इतका वेळ ती शिक्षिकेच्या भाषेत बोलत होती. हे पालमचं निघालं.

"हो."

"निकाल देतानाच?"

"हो."

ती पटाकडं वळली. हत्ती काढला, उंट मारला. मुलाच्या राजानं तो हत्ती मारला. आपलं प्यादं एक घर वर. शह. राजा वर. शह. राजा वर. शह. राजा प्याद्यांच्या आड. ती एकदाही थांबली नाही, एकदाही विचार केला नाही. ज्याला डाव आत्ता कळतो त्याचा हात असा चालत नाही. शेवटी तिनं प्यादं काढून त्याच्या वरच्या खिळ्यावर वजीर अडकवला.

"मला दिसलं व्हतं," ती म्हणाली. मला नाही, पटाला.

मागून एक मुलगी म्हणाली, "मंग मॅडम, तुमी जिंकल्या होत्या?"

"हो," ती म्हणाली. "आता सगळ्यांनी हा डाव आपापल्या पटावर मांडा आणि खेळून बघा. माझं ऐकू नका. सरांचंबी ऐकू नका."

मुलांची गडबड सुरू झाली. ती मला ऑफिसात घेऊन गेली. शिपाईमावशीनं चहा ठेवला. तिनं बशीत चहा ओतला.

"कामून?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. चहाच्या वेळचं ते बोलणं, घडी घातलेले हात, माझी भीती. काही राखून ठेवलं नाही. इतकं सलग मी घरीही कधी बोललो नसेन. आमच्या मंडळींनी ऐकलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

"निकालाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "लहान होते. राज्यात जाऊन हरलेबी असते. तुमी भ्याले, समजलं. माणूस भितंय. पर शनिवारी मी पट मांडून बसले व्हते. तवा कोण व्हतं तिथं? मी आन् तुमी. त्याच्यानंतर मला काही दिसलं की मी आधी म्हणते, नसंल. पटावरच न्हाई. लग्नाच्या वेळी म्हणलं. नोकरीच्या वेळी म्हणलं. आत्ता, तुमी उठून बोलायले तवाबी आधी वाटलं, सर बरोबर असतील, पर मला समजलं नसंल."

मी माफी मागितली. शब्द फार नव्हते, होते तेवढे वापरले.

"माफीचं मी बघते," ती म्हणाली. "बापूला सांगू नका. त्यांनी तुमचा फोटो लावलाय दुकानात. म्हातारपणी कशाला." मग चहा पिऊन टाकला. "पर तुमच्या वर्गात सांगा. पट मांडून. मी येऊन बसणार."

मी सांगितलं. पुढच्या रविवारी, पालकांसकट. काही पालकांनी मुलं काढून घेतली. एक जण म्हणाला, "सर, हे न सांगता चाललं असतं की." चाललं असतं. तसंच तर चाललं होतं. बाकीचे राहिले.

आता महिन्यातून एकदा ती पेडगावची पोरं घेऊन येते. मागच्या बाकावर बसते. मी एखादा डाव मांडून म्हणालो की पांढरा जिंकतो, की मागून तिचा आवाज येतो, "कसं?" मग मला शेवटच्या चालीपर्यंत दाखवावं लागतं. अर्ध्यावर "आणि पुढं असंच" म्हटलेलं तिला चालत नाही. तिच्या पोरांना ही खोड लागली, त्यांच्यावरून माझ्या पोरांना. वर्ग हळू चालतो. पूर्वी एका बैठकीत चार डाव व्हायचे, आता दोन झाले तर पुष्कळ.

तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. घरी आली की आमच्या मंडळींशी गप्पा मारते, माझ्याशी फक्त डावाबद्दल बोलते.

परवा मी एक डाव मांडला होता. बरीच वर्षं शिकवतोय तो, हातात बसलेला. वजीर देऊन चार चालींत मात. मी जोरात दाखवत गेलो आणि शेवटच्या चालीला मोहऱ्यावरचा हात काढला.

"सर," ती मागून म्हणाली, "त्याचा उंट येतंय तिथं."

मी पटाकडं पाहिलं. मला उंट दिसत नव्हता. मी म्हणणार होतो, येत नाही. मग मी पहिल्यापासून मोहरी पुन्हा मांडली आणि एकेक चाल हळूहळू खेळत गेलो.

उंट येत होता.

"बरोबर," मी म्हणालो. "मी इतकी वर्षं चुकीचं दाखवत होतो. पुढं ये, आणि त्यांना दाखव."

ती उठली. बाकाच्या कडेला पदर अडकला होता तो सोडवला, आणि पटाशी आली.